अंगठ्यातला दोरा

जालन्याला मस्तगडात आमचं पहिलं बिऱ्हाड होतं. त्या घराच्या मालकीणबाई जातीनं आणि धंद्यानं पटवेकरीण. मणी, पोत, मोती, पुतळ्या रेशमात ओवून गाठवून द्यायच्या हे त्यांचं काम. नवऱ्याच्या मागं एकट्या राहायच्या, एकट्या कमवायच्या आणि पुढच्या दोन खोल्या भाड्यानं देऊन भाडेकऱ्यांना फुकटात वळण लावायच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणत असू. माझी सख्खी मावशी नगरला होती, पण तिचा एवढा धाक मला जन्मात कधी वाटला नाही.

माझे यजमान जालना स्टेशनावर तारबाबू होते. लग्न होऊन मी नुकतीच आले होते आणि चुलीपाशी डबे लावत होते, तेवढ्यात ओट्यावरून हाक आली. "पोरी, आतून पीराचे आण. आन् मल्हारीचे बी आण थोडे." मी आतल्या खोलीत जाऊन नुसती उभी राहिले. पीराचं काय न्यायचं, ऊद न्यायचा की नाडा न्यायचा, काही कळेना. शेवटी बाहेर येऊन विचारलं, तर मावशींनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी जणू मीठ कशाला म्हणतात तेच विचारलं.

"हिरवे मनी गं. आन् पिवळे. तुमच्यात काय म्हंतात मंग?"

"हिरवे आणि पिवळे," मी म्हटलं.

"अन् मालक कोन त्यांचा, ते न्हाई सांगत?"

त्यांच्या घरात रंगाला नाव नव्हतं, मालक होता. तांबडे मणी आईचे, म्हणजे तुळजापूरच्या भवानीचे. हिरवे पीराचे, पिवळे मल्हारीचे, पांढरे महादेवाचे. मंगळसूत्राचे काळे मणी तेवढे कुठल्या देवाचे नाहीत. त्यांना त्या 'घरधन्याचे' म्हणायच्या, आणि ते म्हणताना ओठ थोडे मुडपायच्या. राहता राहिले निळे. निळ्यांना मालक नव्हता. ती पुडी फडताळात मागं पडलेली असायची आणि कुणी निळं मागितलं की मावशी म्हणायच्या, "बेवारशी हायत ते. कशाला गळ्यात घालतीस?"

काम करायची त्यांची जागा म्हणजे ओटा. एक पाय लांब करायचा, रेशमाचा पीळ पायाच्या अंगठ्यात अडकवायचा, दुसरं टोक दातात धरायचं आणि दोन्ही हात मोकळे. असा दोरा एकदा अंगठ्यात गेला की मग बाई हलायची नाही. दूध उतू गेलं तरी नाही, पाव्हणे आले तरी नाही. एकदा कुण्या बड्या अंमलदाराचा चपराशी आला. कमरेला पट्टा, डोक्यावर तुर्रा. बेगमसाहेबांचा मोत्यांचा सर तुटलाय, सरकारनं बोलावलंय, असं उर्दूत ऐटीत म्हणाला. मावशींनी दातातला दोरा सोडला नाही. नुसतं अंगठ्याकडं बोट दाखवलं. चपराशी उन्हात उभा राहून राहून कंटाळला आणि शेवटी ओट्याच्या सावलीला मुकाट्यानं बसला. गाठ बसल्यावर मावशी म्हणाल्या, "आता बोल. मोती हिकडं पाठवा म्हनावं. मी कुठं जात न्हाई. माझं काम बसून व्हतं, तुझ्यासारखं पळून न्हाई." दुसऱ्या दिवशी मोती आले. वर बेगमसाहेबांनी पाठवलेलं पान आलं.

कुणाच्या गळ्यात सैल गाठ दिसली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. रस्त्यानं जाणाऱ्या बाईला हाक मारून, ओट्यावर बसवून, तिच्या गळ्यातली पोत उतरवून घ्यायच्या. ती बिचारी "अहो, माझा बाजार राह्यलाय" म्हणत राहायची. एकदा तर त्यांनी चक्क वरात अडवली. जाफराबादकडची नवरी होती. पुढं ताशा, मागं बाया, मध्ये घोड्यावर नवरा-नवरी. मावशी ओट्यावरून उतरल्या आणि घोड्याच्या तोंडापुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"पोरीला उतरवा. पोतीची गाठ सुटून राह्यलीय. घरी जायच्या आत मनी रस्त्यात सांडले, की मंग सगळे मिळून पोरीलाच बोल लावताल."

नवरीची सासू पुढं आली. विधवा बाईनं वरातीला आडवं यावं, वर नव्या मंगळसूत्राला हात लावावा, हे तिला कसं खपणार? ती तसं बोललीही. मावशी शांतपणे म्हणाल्या, "माझा हात नगं बघू, बाई. गाठ बघ." सासूनं गाठ पाहिली. वाकून, डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग स्वतःच सुनेला घोड्यावरून खाली घेतलं. ताशेवाले बिड्या ओढत बसले आणि अख्खी वरात मस्तगडाच्या रस्त्यात ताटकळत राहिली. पुढं त्या घरातली प्रत्येक पोत आमच्याच ओट्यावर आली.

गिऱ्हाइकानं रंग निवडायचा हे तर त्यांना मुळीच चालत नसे. आधी चौकशी व्हायची. कुठली, कुणाची, कुलदैवत कुठलं, घरात कोण आजारी आहे का, नवस बोललाय का. मग त्या रंग सांगणार आणि तुम्ही घेणार. मी हौसेनं हिरव्या मण्यांची मनगटी मागितली, तर मला पांढरी मिळाली. "तुझं डोकं लई तापट हाय. महादेवाचे घाल." मला राग आला, यावरून त्यांचंच खरं ठरलं. ती मनगटी मी पुढं बरीच वर्षं घातली. डोकं थंड झालं नाही, पण मनगटी कुणालाही आवडेल अशी होती.

त्यांच्या तबकात मुसलमानांच्या तसबीचे मणी आणि जपाचे मणी शेजारी शेजारी असायचे. पुढं गावात रंगांवरून माणसं एकमेकांकडं वाकड्या नजरेनं बघू लागली, तेव्हा कुणी तरी त्यांना म्हणालं, की मावशी, आता जरा बघून बसत जा, हिरवं आत ठेवा. त्या म्हणाल्या, "ठिवलं असतं. पर पीराला विचारावं लागंल." त्यांनी विचारलं नसावं, कारण तबक होतं तसंच ओट्यावर राहिलं.

पण मला मावशींची सगळ्यात नवलाची गोष्ट सांगायची आहे ती वेगळीच. दुसरी मोठी लढाई संपत आली त्या सुमारास जालन्यातल्या पोरीबाळींच्या हातात एक नव्या तऱ्हेच्या मनगट्या दिसू लागल्या. निळ्या-पांढऱ्या, नुसत्या पिवळ्या, हिरव्या-पिवळ्या, आणि एक तांबडी-पांढरी. तांबडा, पांढरा, तांबडा, पांढरा, असा एकाआड एक मणी, फक्त एका जागी ती ओळ मोडलेली. पहिल्या तीन तऱ्हेच्या मनगट्या मावशी कुणालाही ओवून द्यायच्या आणि देताना सांगायच्या, "ही पान्याच्या आईची. ही आपल्या मल्हारीची बी हाय आन् तिकडल्या नदीच्या देवीची बी हाय, दोघांत वाटा हाय." तांबडी-पांढरी मागितली की मात्र त्या हातातलं काम थांबवायच्या आणि विचारायच्या, "कुनाची जागा ठिवायची?"

ज्यांना कुणाची ठेवायची नव्हती त्यांना ती मिळायची नाही. सराफ्यातल्या एका मण्यांच्या दुकानदारानं उरुसाच्या आधी येऊन शेकड्यानं तांबड्या-पांढऱ्या मागितल्या. मावशी म्हणाल्या, "तुला शेकडा मानसं गेलीत का रं?" तो बिचारा देवाचं नाव घेत उठला आणि पुन्हा आला नाही.

हा प्रश्न त्यांच्या तोंडी कुठून आला, ते सांगते.

लढाईच्या दिवसांत पलटणींच्या गाड्या आमच्या स्टेशनावरून सारख्या जायच्या. एक गाडी पुढं पुलाचं काम निघाल्यामुळं दोन-तीन दिवस बाजूच्या रुळावर उभी राहिली. तिच्यात आफ्रिकेतले शिपाई होते, ब्रह्मदेशाकडं लढाईवर निघालेले. गावानं त्यांना लगेच हबशी म्हणून टाकलं आणि लोक जत्रेला जावं तसे बघायला जाऊ लागले. मावशी गेल्या नाहीत. अंगठ्यात दोरा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझे यजमान एका शिपायाला घेऊन घरी आले. उंच, काळाभोर, वयानं पोरगेला. फलाटावर ट्रंक उचलताना त्याच्या गळ्यातली माळ तुटली होती. रांगत रांगत तो मणी वेचत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते यांनी पाहिलं. तारबाबू म्हणून यांना इंग्रजी येत होतं, त्यालाही येत होतं. हे त्याला म्हणाले, की चल, ह्या गावात ह्याच्यावर इलाज आहे.

तो आला आणि कुणी न सांगता दाराबाहेर बूट काढून मग ओट्यावर चढला. मावशींनी ते पाहिलं. "बस, बाबा," त्या म्हणाल्या. त्यानं हातरुमाल उलगडला. आत तांबडे आणि पांढरे मणी, दोन कवड्या, आणि माळेचा एक तुकडा अजून दोऱ्यात शाबूत होता. मावशींनी अंगठ्यातला दोरा सोडला आणि हात जोडले. हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

"आईचा भगत हाय ह्यो," त्या म्हणाल्या. "तांबडं, पांढरं आन् कवडी. आईचीच माळ हाय."

"अहो मावशी, तो आफ्रिकेतला आहे," हे म्हणाले. "नायजेरिया म्हणून देश आहे. त्याच्या लोकांना योरुबा म्हणतात. माळ त्याच्या आईनं ओवलीय आणि ती त्यांच्या देवाची आहे. शांगो. विजेचा आणि गडगडाटाचा देव."

"मंग आई तिकडं जात न्हाई का?" मावशी म्हणाल्या. "असंल भाऊ तिचा."

यांनी ते इंग्रजीत कसं सांगितलं कोण जाणे, पण तो पोरगा हसला. मग जे सुरू झालं ते माझ्या डोळ्यांपुढं अजून तसंच आहे. मावशींनी तबक ओढलं आणि एकेक मणी चिमटीत धरून त्याला विचारायला लागल्या. ह्यो कुनाचा? पांढरा वर धरला. तो म्हणाला, ओबातला. आईच्या पोटात बाळाचं अंग घडवतो तो म्हातारा देव. पिवळा धरला. ओशुन, नदीची देवी. हिरवा आणि पिवळा एकत्र धरले. ते भविष्य जाणणाऱ्या देवाचे. मावशी मान डोलवत होत्या, जणू दूरच्या गावच्या सोयऱ्यांची खुशाली ऐकत होत्या. मग त्या उठल्या, फडताळातून ती मागं पडलेली पुडी घेऊन आल्या आणि जरा भीतभीतच निळा मणी पुढं केला.

तो लगेच म्हणाला, येमोजा. पाण्याची आई. सगळ्या माशांची आणि लेकरांची आई.

मावशी माझ्याकडं वळल्या. "ऐकलं का? निळ्याला आई हाय." त्यांना एवढा आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून ती पुडी फडताळात पुढं आली.

एवढं सगळं विचारलं, पण एक गोष्ट तेवढी विचारली नाही. विचारायची गरजच वाटली नाही, कारण ती आपल्याला कळते असं त्या धरून चालल्या. तो हजेरीला परत गेल्यावर त्यांनी माळेचा शाबूत तुकडा उजेडात धरला. तांबडा, पांढरा, तांबडा, पांढरा, आणि एका जागी लागोपाठ तीन पांढरे. मावशी चुकचुकल्या. "बघ की. तांबडा संपला आन् पांढराच भरला. घाई केली कुनी तरी." आईच्या माळेत असा खंड पडलेला त्यांना कसा चालावा? त्यांनी तो तुकडा सोडवला. फलाटावर हरवलेल्या मण्यांच्या जागी आपले आईचे तांबडे घातले आणि सगळी माळ एकाआड एक अशी सरळ ओवली. कवड्या दोन्ही बाजूंनी, गाठी बारीक, तांदळाच्या कणीएवढ्या. इतकी देखणी माळ मी त्यांच्या हातूनसुद्धा पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवणवेळेच्या आधी स्टेशनावरून निरोप आला, की वाट मोकळी झाली, गाडी आता सुटणार. मावशी आणि मी निघालो. फलाटावर शिपाई डब्यांत चढत होते. तो पोरगा यांच्यापाशी उभा राहून वाटच बघत होता. मावशींनी माळ त्याच्या दोन्ही हातांवर ठेवली. तो खूश झाला. कपाळाला लावली. मग डोळे मिटून मणी बोटांतून सरकवू लागला. एक फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला त्याची बोटं हळू झाली आणि तोंडावरचं हसू उतरलं. अंधारात उंबरा सापडू नये तसा तो माळेत काही तरी चाचपडत होता.

त्यानं यांना काही तरी विचारलं. हे ऐकत गेले आणि यांचा चेहरा पडत गेला.

"मावशी, ते तीन पांढरे कुठं गेले विचारतोय."

"सरळ केले की. चुकले व्हते."

"चुकले नव्हते," हे म्हणाले. "हा जुळ्यातला. त्यांच्यात जुळी मुलं म्हणजे ह्या शांगो देवाचं देणं. पहिल्यांदा जन्मतो तो धाकटा आणि मागून येतो तो थोरला. थोरला धाकट्याला आधी पाठवतो, जग कसं आहे बघून ये म्हणून. हा धाकटा. थोरला लहानपणीच गेला. हा लढाईला निघाला तेव्हा आईनं ही माळ ओवली, आणि एका जागी तांबड्याऐवजी पांढराच घातला. तिथं थोरला बसलाय. दोघं बरोबर जा, म्हणाली."

मावशींचा चेहरा पांढराफटक पडला. कुणी त्यांना काही बोललं नव्हतं. पोरगा तर उलट हातानं खुणा करत होता, की असू दे, चांगली झालीय. त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही.

"मी पुसला गं त्याला," त्या मला म्हणाल्या. "त्याच्या आईनं बसवलेला, मी उठवला."

आणि त्याच्या हातातून माळ घेऊन त्यांनी दातांनी दोरा तोडला.

मी ओरडलेच. गाडी सुटायला आलेली, माळ होती तीही गेली. मावशी फलाटावर फतकल मारून बसल्या. माझा पदर ओढून त्यात मणी ओतले. कमरेच्या पिशवीतून रेशीम काढलं, पाय लांब केला आणि दोरा अंगठ्यात घातला. मी मणी निवडून हातात द्यायची, त्या ओवायच्या. प्रत्येक मण्यामागं गाठ. शिपाई डब्यांतून उतरून भोवती जमले. यांची मात्र घालमेल चालली होती.

"मावशी, सिग्नल पडला."

"पडू द्या."

"मावशी, गार्डानं निशाण काढलं."

"बाबू, त्याला म्हनावं जरा दम खा. मी काय खेळून राह्यले का?"

गार्ड कशाचा थांबतो? शिट्टी झाली. एक गोरा अंमलदार ओरडू लागला आणि शिपाई पटापटा चढले. पोरगा दारात उभा राहिला, हात पुढं केलेला. अर्धी माळ ओवायची होती. आणि गाडी हलली.

मावशी उठल्या. दोरा दातात, अर्धी माळ एका हातात, लुगड्याचा सोगा दुसऱ्या हातात. त्या धावल्या. आतल्या दोघांनी त्यांना काखेत धरून वर घेतलं. राहिलेले मणी माझ्या पदरात होते. मी त्यांचा रुमालात बोचका बांधला आणि डब्याच्या बरोबरीनं पळत जाऊन त्या पोराच्या हातात कोंबला. त्यानं तो पकडला. मग फलाट संपला आणि आमच्या घरमालकीणबाई पलटणीच्या गाडीतून ब्रह्मदेशाच्या दिशेनं गेल्या.

हे तारघरात धावले. रांजणी स्टेशनाला तार केली, की गाडीत एक बाई आहे, उतरवून घ्या. तिकडच्या मास्तरांना वाटलं, तारबाबू थट्टा करतात. गाडी रांजणीला पाण्यासाठी थांबली आणि शिपायांच्या डब्यातून खरंच लुगडं नेसलेली बाई उतरली, तेव्हा त्यांचा विश्वास बसला. रात्री त्यांच्याच घरी मावशी राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी धान्याच्या गाडीवर बसून घरी आल्या. आल्या त्या हात-पाय धुऊन थेट ओट्यावर बसल्या.

"झाली?" मी विचारलं.

"झाली की. पर गाडी लई हालून राह्यली व्हती. माझा आंगठा काय टिकंना. मंग त्यानं आपला बूट काढला आन् दोरा आपल्या आंगठ्यात घातला. दोघांनी मिळून वढला. थोरला बसला जाग्यावर, तवा डब्यातले सगळे गाया लागले. काय गायले कळलं न्हाई. चांगलं व्हतं."

गावाला एवढं पुरलं. एकटी विधवा, पलटणीच्या डब्यात, परक्या शिपायांबरोबर, आणि रात्रभर घराबाहेर. पाणवठ्यावर बाया गप्प व्हायच्या आणि मावशी पुढं गेल्या की पुन्हा बोलायला लागायच्या. गिऱ्हाईक यायचं थांबलं. ओट्यावर तबक मांडलेलं, दोरा अंगठ्यात, आणि ओवायला काही नाही. शेवटी त्यांच्या जातीच्या पंचांनी बोलावणं पाठवलं. वाळीत टाकलं तर जालन्यातला एकही पटवेकरी त्यांच्या उंबऱ्याला येणार नव्हता. रेशीम मिळणार नव्हतं, मणी मिळणार नव्हते, हात असून रिकामे राहिले असते. यांना साक्षीला बोलावलं म्हणून मीही गेले.

पंच देवळाच्या ओवरीत बसले होते. मधले आजोबा फार म्हातारे होते. जन्मभर मोती गाठवून त्यांची बोटं वाकडी झाली होती. शेजारचे एक तरुण पंच होते, त्यांचा आवाज मोठा होता.

"पलटणीच्या गाडीत एकटी बाई रांजणीपतुर गेली," ते म्हणाले. "हे बराबर हाय का?"

"एकटी कुठं?" मावशी म्हणाल्या. "दोघं भाऊ व्हते संगं."

"कोन दोघं भाऊ?"

मावशींनी सांगितलं. कमी-जास्त काही केलं नाही. आपली चूकसुद्धा झाकली नाही. त्याला न विचारता मी त्याची माळ सरळ केली, असं स्वच्छ म्हणाल्या. यांनी साक्ष दिली. तरुण पंचांचं समाधान झालं नाही.

"अर्धी तर अर्धी. हातात द्यायची आन् खाली राहायचं व्हतं. गाडीत चढायचं काय काम व्हतं?"

मावशी इतका वेळ खाली बघून बोलत होत्या. आता त्यांनी मान वर केली.

"अर्धी देऊन खाली राह्यले असते, तर तुम्हाला बोलवायची गरज पडली नसती. मीच तुमच्या म्होरं आले असते, वाळीत टाका म्हनून."

मधल्या आजोबांनी बराच वेळ आपली वाकडी बोटं गुडघ्यावर चोळली, आणि मग मावशींना नाही, जणू स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं.

"चालत्या गाडीत गाठ सैल तर न्हाई ना राह्यली?"

"न्हाई."

"आन् थोरल्याची जागा?"

"बराबर बसली."

"मंग उठा," आजोबा म्हणाले आणि पागोट्याला हात घालून स्वतःच आधी उठले. "पटवेकरनीनं काम पुरं करून दिलं. ह्यात न्याय कशाचा करायचा?"

मावशी मागं न बघता चालायला लागल्या. हे आणि मी मागून. मस्तगडापर्यंतच्या वाटेवर ओळखीचं, बिनओळखीचं जे माणूस भेटलं, त्या प्रत्येकाला मी थांबवून सांगत होते, की ह्या आमच्या मावशी, आम्ही ह्यांच्याच घरात राहतो.